दीड ग्रॅम युरिया

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजात नव्हे, मोताळ्याच्या एका कृषी केंद्रासमोर, युरियाच्या रांगेत. कपाशीला खत द्यायचे दिवस होते आणि तालुक्यात युरिया कुठेच नव्हता. एका दुकानात गाडी उतरल्याची बातमी आली, तसे बाबा मला रांगेत उभं करून स्वतः चहाला गेले. माझ्या पुढे एक गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पायात चामड्याच्या चपला, दहाही बोटांच्या नखांत काळं, आणि हातात इंजेक्शनची रिकामी बाटली. बाकीचे लोक पोती न्यायला मोटरसायकली नाहीतर बैलगाड्या घेऊन आले होते. यांच्याकडे बाटली.

मागच्या एका माणसाने विचारलं, "मास्तर, किती एकर हाय?"

"एकर नाही. दीड ग्रॅम पाह्यजे."

रांग हसली. ते हसले नाहीत. उलट वळून त्या माणसाला समजावून सांगायला लागले, की या खेपेला दीड ग्रॅमपेक्षा जास्त झाला तर त्यांचं पीक बिघडेल. कोणतं पीक, ते त्याला कळलं नाही आणि मलाही नाही. दुकानदाराने सांगितलं, पोतं फोडता येणार नाही, आणि पोत्याबरोबर फवारणीची एक बाटली घ्यावीच लागेल. तेव्हा सगळेच दुकानदार ही जबरदस्ती करत आणि सगळे शेतकरी मनातल्या मनात शिव्या घालून ती बाटली घेत. सरांनी मात्र खरोखरच्या कुतूहलाने विचारलं, "एका पोत्याले एक बाटली, तं दीड ग्रॅमले किती बसते?" तेवढ्यात बाबा आले. त्यांनी आमच्या पोत्याचा कोपरा फाडला आणि चिमूटभर युरिया त्या बाटलीत टाकला. सरांनी बाटलीवर कागद चिकटवला, तारीख लिहिली, गावाचं नाव लिहिलं आणि बाबांना नमस्कार करून निघून गेले. बाबा म्हणाले, "डोक्यानं सुटलेला दिसते बिचारा."

दोन महिन्यांनी मी बुलढाण्याला एम.एस्सी.ला प्रवेश घेतला, तर वर्गात हेच.

ते कार्बन नॅनोट्यूब बनवत. म्हणजे कार्बनच्या अणूंची जाळी गुंडाळून झालेल्या नळ्या, केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. दुनियेत लोक त्या महागड्या वायूंपासून बनवत होते, सर सरकीच्या तेलापासून बनवत. "आपल्या जिल्ह्यात दुसरं काय हाय?" असं त्यांचं साधं म्हणणं. पंख्यालाही वीज नसायची अशा भारनियमनाच्या काळात त्यांची भट्टी आठशे अंशांवर जायला हवी असे. मग वीज असेल त्या वेळेला भट्टी, आणि उरलेल्या वेळेला आमचे तास. एकदा अर्ध्या तासात वीज गेली तेव्हा नळीत काजळी आणि तेलाचा चिकट राडा जमला. सरांनी तोही एका बाटलीत भरून ठेवला आणि वर लिहिलं, "महावितरण नमुना". आम्ही खूप हसलो. त्यांनी विचारलं, "यात हसण्यासारखं काय हाय? कशापासून झाला ते लिवायले नको?"

तेल ते एका चाचांच्या घाणीवरून आणत. बीटी कपाशी आली तेव्हापासून चाचांचं डोकं यांनी खाल्लं होतं. ही सरकी कोणत्या वर्षाची, कोणत्या वाणाची, बीटीची की जुनी? एकदा मी बरोबर होते. चाचा हात जोडून म्हणाले, "सर, तुमी भजे तळत नाई, भाजी फोडनीले टाकत नाई. जे तेल जाळूनच टाकनं हाय, त्याची जात काऊन पुसता? लोक पोरगी देतानी इतकं नाई पुसत!" सर म्हणाले, "पोरगी परत आणता येते चाचा, आकडा नाही आणता येत." चाचांना हे वाक्य कळलं नाही. मला वाटतं सरांनाही ते बोलून झाल्यावर कळलं नसावं.

त्या नळ्यांत सरांना नायट्रोजन भरायचा होता. शास्त्रात याला डोपिंग म्हणतात. सर म्हणत आंतरपीक. "कपाशीच्या ओळीत मधीच तुरीची ओळ टाकतात का नाही? तसं कार्बनच्या ओळीत नत्र टाकायचं. थोडंसंच. वावराचा सारा रंग बदलते." आणि नत्र कुठून आणायचं? युरियातून. आम्हाला पुस्तकात जे चार पानं वाचून कळलं नव्हतं ते या एका वाक्यात कळलं, आणि रांगेतलं ते पीकही कळलं. बाबांना मी घरी सांगितलं, तर ते म्हणाले, "मंग सुटलेला नाही. आपल्यासारखाच हाय."

त्यांच्या नमुन्यांना आकडे नव्हते, गावं होती. बिनयुरियाचा तो मोताळा. दीड ग्रॅमचा डोणगाव. तीन ग्रॅमचा हिवरा. आकडा माणूस विसरतो, गाव विसरत नाही, असा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे प्रयोगशाळेबाहेर उभ्या असलेल्या माणसाला आतून ऐकू यायचं ते असं: "मोताळा सांडला का?" "हिवरा पालथा ठेवू नको." "डोणगाव कोणं चाटून पाह्यलं?" शिपाईमामा एकदा मला बाजूला घेऊन विचारत होते, की सर निवडणुकीले उभं राहून राह्यले काय.

हजेरी घेताना दोन नावं अशी होती की ती मुलं दिवाळीनंतर आलीच नाहीत. एकाकडे बोंडअळीने सगळं वावर खाल्लं होतं, दुसऱ्याच्या घरी काय झालं ते पेपरात चार ओळींत आलं होतं. सर रोज ती नावं पुकारत. पुकारून थांबत, दाराकडे बघत, मग गैरहजेरी लावून पुढे जात. आम्हाला आधी ते विचित्र वाटलं, नंतर नकोसं झालं. वर्गातली एक मुलगी म्हणाली, "सर, ते नाही येत आता." सर म्हणाले, "तुले नक्की माहीत हाय?" तिला माहीत नव्हतं. परीक्षेपर्यंत ती नावं पुकारली गेली. मला त्यांचा तेव्हा राग यायचा, हे मी आज कबूल करते.

गावांतले लोक त्यांच्याकडे बियाण्याची पाकिटं घेऊन यायचे. नकली बियाण्यांचा सुळसुळाट होता. बीटीचा पाला खाऊन ढोरं मरतात, सरकीच्या तेलाने पोट बिघडतं, अशा गोष्टी रोज उठत, आणि खरं काय ते कोणालाच ठाऊक नव्हतं. कॉलेजातले दुसरे प्राध्यापक अशा वेळी पाय पसरून मत देत. सर पाकीट उलटसुलट करून बघत आणि म्हणत, "मले माहीत नाही." माणूस म्हणे, तुमच्या मशीनीत टाकून पाहा. सर म्हणत, "त्या मशीनीत हे नाही दिसत." माणूस खट्टू होऊन जाई. इतका शिकलेला माणूस आणि काहीच माहीत नाही, हे काही लोकांना बरं वाटत नसे. मलाही वाटत नसे.

ती मशीन आमच्या कॉलेजात नव्हतीच. ती लांबच्या एका शहरातल्या संस्थेत होती, आणि तिचे दोन तास मिळायला सहा महिने पत्रं लिहावी लागत. रामन स्पेक्ट्रोस्कोपी. सोपं सांगायचं तर पावडरीवर लेझरचा प्रकाश टाकायचा. बहुतेक प्रकाश जसा गेला तसा परत येतो, पण त्यातला अगदी थोडासा रंग बदलून येतो. किती बदलला त्यावरून आतले अणू कसे थरथरतात ते कळतं. कागदावर शिखरं उमटतात. या नळ्यांचं एक उंच शिखर ठरलेलं असतं. आत नत्र गेलं असेल तर ते शिखर जरासं डावीकडे सरकायला हवं. सरांचा पंधरा वर्षं रखडलेला पीएच.डी.चा प्रबंध त्या जराशावर टांगलेला होता.

शेवटी यंत्राचे दोन तास मिळाले, पण सरांना त्याच दिवशी विद्यापीठात बोलावणं आलं म्हणून मी गेले. पेटीत कापसात गुंडाळलेल्या तीन बाटल्या. निघताना सरांनी तीनदा बजावलं, "सगळ्याइले सारखाच उजेड देजो."

मोताळा नीट झाला. सुंदर शिखर आलं. डोणगावची पावडर कमी होती, शिखर बुटकं आलं. यंत्रावरच्या माणसाला जेवायला जायचं होतं. त्याने उजेड अडवणारी एक काचेची गाळणी काढून लेझर वाढवला. हिवऱ्याची पावडर त्याहूनही कमी, तेव्हा त्याने दुसरीही गाळणी काढली. मी हे सगळं पाहत होते आणि मला काही खटकलं नाही, कारण माझं लक्ष घड्याळाकडे होतं. परतीच्या बसमध्ये मी वही पूर्ण केली. आम्हा प्रॅक्टिकल करणाऱ्या पोरांची एक सवय असते. जर्नलमध्ये रकाना रिकामा ठेवायचा नसतो. रिकाम्या रकान्याला मार्क जातात. 'लेझर किती' या रकान्यात मी तिन्ही वेळा 'सारखा' लिहिलं आणि खाली सही केली. खोटं लिहिते आहे असं मला वाटलंसुद्धा नाही. सरांनी सारखा ठेवायला सांगितला होता, म्हणून सारखा.

आलेख पाहून सर खुर्चीवरून उठले, परत बसले. मोताळा जागेवर होता. डोणगाव थोडं डावीकडे सरकलं होतं. हिवरा त्याच्या दुप्पट. युरिया दुप्पट, सरकणं दुप्पट. चूकसुद्धा इतकी शिस्तीत झाली होती की तिच्यावर संशय घ्यायला जागाच नव्हती. सर व्हरांड्यात धावत गेले आणि समोर आलेल्या मराठीच्या मॅडमना म्हणाले, "हिवरा सरकला!" मॅडम घाबरून म्हणाल्या, "कोणाले लागलं का?"

पुढे मी पास झाले, त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. सरांचा प्रबंध गेला, परीक्षकांचे अहवाल चांगले आले, तोंडी परीक्षा एका शनिवारी ठरली. त्याच आठवड्यात मी दुसऱ्या एका मॅडमचे नमुने घेऊन त्या संस्थेत गेले. यंत्रावर नवी मुलगी होती. माझी पावडर काळी बघून तिने आधी गाळण्या घातल्या. मी म्हटलं, कमी उजेडात शिखर बुटकं येतं. ती म्हणाली, "येऊ दे. काळ्या पावडरीवर एवढा लेझर टाकला तर ती तापते. तापली की शिखर डावीकडे सरकतं. लोकांना वाटतं डोपिंग झालं." आणि मला दाखवायला तिने लेझर वाढवला. माझ्या डोळ्यांसमोर त्याच पावडरीचं तेच शिखर डावीकडे सरकलं. उजेड कमी केला, परत आलं.

सगळ्या प्रवासात मी स्वतःशी भांडत होते. युरियानेही थोडं सरकलं असेल की. किती उष्णतेने आणि किती युरियाने, हे कोण सांगणार? परीक्षकांना पटलं आहे, मग मी कोण? राजूरच्या घाटात बस चढत होती तेव्हा मी ठरवलं, सांगायचं नाही. घाट संपला तेव्हा ठरवलं, सांगायचं. बुलढाण्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा काय ठरलं होतं ते मला आठवत नव्हतं.

सरांच्या घरी काकू खिडकीशी बसून नव्या साडीला फॉल लावत होत्या. दाराच्या खुंटीवर सरांचा नवाकोरा सफारी टांगलेला होता. काकू म्हणाल्या, "ये पोरी. शनिवारी तूही येजो व. पंधरा वर्षं झाले, घरात कोणाचं लगीन असो का बारसं, हे भट्टीपाशी. आता एकदाचे डॉक्टर होतात, मंग मी याइले पंढरपूर नाही, काशी नाही, नुसतं माझ्या माहेरी घेऊन जाणार हाय. चार दिवस." काकूंनी दिलेला चहा मी तसाच खाली ठेवला. सर आतून आले. मी त्यांच्याकडे न बघता बोलले.

"सर, हिवऱ्याच्या टायमाले लेझर पूर्ण होता. डोणगावले त्याहून कमी. मोताळ्याले अजून कमी."

"वहीत तं 'सारखा' लिवलं हाय."

"मी विचार न करता लिवलं."

सर आत गेले आणि वही घेऊन आले. चष्मा लावून ते पान त्यांनी बराच वेळ पाहिलं. "किती होता, आठवते?" मी नाही म्हटलं. त्यांनी पेन काढलं, तिन्ही 'सारखा'वर एकेक रेघ मारली आणि शेजारी 'माहीत नाही' लिहिलं. मग जिथे माझी सही होती तिच्या बाजूला स्वतःची सही केली.

काकूंच्या हातातली सुई थांबली होती. "पोरी, आजच कायले सांगतलं व? शनिवार तं जाऊ देती."

सर म्हणाले, "आज सांगतलं म्हणून बरं. शनिवारनंतर सांगतलं असतं तं मी डॉक्टर होऊन बसलो असतो."

"बसले असते तं काय झालं असतं?"

सरांनी खरंच विचार केला. "मले माहीत नाही," ते म्हणाले. काकू साडी उचलून आत गेल्या. मला रडू आलं. सर मला म्हणाले, चहा थंडा होऊन राह्यला.

माझ्यासमोरच त्यांनी विद्यापीठातल्या मार्गदर्शकांना फोन लावला. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की मला सगळं ऐकू येत होतं. अहो, कोणाला कळणार आहे, अर्धा तास बसायचं, पेढे खायचे. सर म्हणाले, "हिले कळलं. मले कळलं. आता तुमाले कळलं. तीन जण झाले सर." फोन बंद झाला.

प्रबंध परत मागवण्याचं पत्र त्यांनी त्याच संध्याकाळी लिहिलं. त्यात एकच कारण होतं: मोजणीत माझी चूक झाली आहे. मी म्हटलं, माझी लिहा. म्हणाले, "तुझं नाव लिवलं तं पुढं तुले मशीनीपाशी कोण उभं करन?" कॉलेजात आठवडाभर हीच चर्चा होती. कोणी म्हणे असा माणूस होणे नाही, कोणी म्हणे हा माणूस ठार वेडा आहे, आणि दोन्ही म्हणणारे दुपारी त्यांच्याशी आधीसारखेच थट्टा करत. मला त्यांच्यापैकी कोणाचं खरं धरावं ते कळत नव्हतं. काकूंकडे बघायची माझी हिंमत नव्हती. त्या मला कधी टाकून बोलल्या नाहीत, त्यामुळे तर अधिकच नाही.

मशीन पुन्हा मिळायला पावसाळा उजाडला. मला वाटलं या वेळी सर स्वतः जातील. त्यांनी बाटल्यांची पेटी माझ्यासमोर ठेवली.

"सर, तुमी चला ना."

"मी आलो तं मी हिवऱ्याले सरकवीन. तूच जा."

मी गेले. बसच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना पाहत होते. ज्या वावरांत गेल्या साली कपाशी होती तिथे या साली सोयाबीन डुलत होतं. लोकांनी कपाशी सोडली होती. यंत्राशी मी दोन तास उभी राहिले. दर वेळी गाळणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, मगच रकाना भरला. मनात म्हणत होते, थोडं तरी सरक रे बाबा, एक घर तरी, म्हणजे यांचं आयुष्य मी मोडलं नाही असं होईल.

मग बाहेर येऊन फोन लावला.

"सर, हिवरा नाही सरकला."

"डोणगाव?"

"तेही नाही. तिघं एकाच जागी हायेत."

"किती डाव पाह्यलं?"

"पाच."

"बरं. जेवली का तू?"

मी नाही म्हटलं. त्यांनी फोन खाली ठेवला असावा, पण बंद केला नव्हता. भांड्यांचा आवाज आला. काकूंचा आवाज आला, "काय म्हणते पोरगी?"

"नाही सरकलं."

"मंग आता?"

मी फोन कानाला घट्ट धरला. पंधरा वर्षं या बाईने वाट पाहिली होती, आणि ती वाट माझ्या एका शब्दाने बुजली होती. सरांनी एखादा सुस्कारा टाकला असता, माझ्यावर चिडले असते, तरी मला बरं वाटलं असतं.

"आता," सर म्हणाले, "सोयाबीनचं तेल पाहू."

पलीकडे काकूंचा आवाज फुटला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मला फोनवरून कळलं नाही.